मराठी शाळेवरचा हात काढू नका

संपादक महोदय,

वसईच्या पश्चिम पट्ट्यातील एका धर्मग्रामाच्या (म्हणजे चर्चच्या पॅरिशच्या) मराठी प्राथमिक शाळेत मी चौथीपर्यंत शिकलो आणि आज माझी नात तिथेच तिसरीत आहे. यंदा जूनमध्ये तिला सोडायला गेलो, तेव्हा पहिलीच्या वर्गात एका बाकावर एकेक मूल बसवूनही बाक उरले होते. आमच्या लहानपणी त्याच वर्गात आम्ही तिघे-तिघे दाटीने बसत असू. ते रिकामे बाक पाहून जे वाटले, ते आपल्या वृत्तपत्रातून माझ्या धर्मग्रामवासीयांसमोर मांडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

शाळा अनुदानित असल्यामुळे शिक्षकांचे पगार शासनाकडून होतात आणि पोषण आहारासाठी प्रत्येक मुलामागे दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ मिळतो. त्यापलीकडचे जवळजवळ सगळे गावाने सांभाळले आहे. पावसाळ्याआधी छप्पर शाकारायला वाडीवाडीतून माणसे यायची, खिचडीत पडणारी शिराळी आणि दुधी कुणाच्या तरी वाडीतून सकाळीच पोहोचायचा, आणि वह्या घेण्याची ऐपत नसलेल्या मुलाच्या दप्तरात सिस्टर कुणाला न कळू देता वह्या ठेवत. आता ज्या घरांतली मुले इंग्रजी माध्यमात गेली, त्या घरांतून दुधीही येईनासा झाला आहे.

मूल कोणत्या माध्यमात घालायचे हा ज्या त्या आईवडिलांचा अधिकार आहे आणि त्यांची काळजी मला समजते. तरीही एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या घरात कादोडी बोलली जाते. माझ्या नातीला त्या बोलीतून पुस्तकातल्या मराठीत यायला फार दिवस लागले नाहीत, कारण निम्मे शब्द तिच्या ओळखीचे होते. आपल्याच नंदाखालच्या मराठी शाळेत शिकलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 मध्ये उस्मानाबादला झालेल्या 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, याचा आपण सर्वांनी अभिमान मिरवला. ज्या शाळांनी अशी माणसे घडवली, त्यांच्याविषयीचे आपले कर्तव्य सत्कारापाशी संपत नाही.

आज शाळेत जी मुले आहेत, त्यांत पूर्वेकडच्या पाड्यांवरची वारली मुले आणि बाहेरून आलेल्या मजुरांची मुले बरीच आहेत. धर्मशिक्षणाच्या तासाला ती दुसऱ्या वर्गात मूल्यशिक्षणासाठी बसतात, आणि ते योग्यच आहे, कारण संविधानाच्या 28 व्या अनुच्छेदाप्रमाणे पालकांच्या संमतीवाचून कुणा मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. मात्र गेल्या नाताळात गोठा उभारताना मातीची गाय केली ती पाड्यावरच्या एका चौथीतल्या मुलाने. बसलेली गाय पाय कसे दुमडते हे त्याच्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते. माझी नात आठवडाभर त्या गायीविषयीच बोलत होती. अशा मुलांबरोबर एका पंगतीत जेवणे हे तिच्या शिक्षणाचे अंग आहे असे मी मनापासून मानतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालामुळे अल्पसंख्याकांच्या शाळांना शिक्षण हक्क कायदा लागू होत नाही. त्यामुळे गरिबाच्या मुलासाठी दार किती उघडे ठेवायचे, हे आपल्या सदसद्विवेकावर उरले आहे, आणि म्हणूनच आपली जबाबदारी अधिक आहे. पटसंख्या घटली की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे मंजूर होताना, शिक्षकाचे पद जाते, पद गेले की दोन इयत्ता एका खोलीत बसतात, आणि मग उरलेले पालकही मुले काढून घेतात. ही घसरण थांबवायची, तर पाड्यावरची मुले रोज शाळेत पोहोचली पाहिजेत.

माझी विनंती एवढीच आहे की, धर्मग्राम परिषदेने वार्षिक सणाच्या खर्चातून ठरावीक वाटा शाळेसाठी बाजूला काढावा आणि माजी विद्यार्थ्यांनी, त्यांची मुले कुठेही शिकत असोत, महिन्याला जमेल तेवढी रक्कम त्यात घालावी. पाड्यावरच्या मुलांना आणणाऱ्या रिक्षाचे भाडे दिवाळीपर्यंतचे जमले आहे. दिवाळीनंतरचे अजून जमायचे आहे.

आपला विश्वासू,
एक माजी विद्यार्थी, वसई