दादा नाटक करत नाहीये

ती. बाबा आणि सौ. आई,
सा. न. वि. वि.

संकष्टीला फोनवर दादाने अख्खी आरती म्हटली, एकही शब्द न चुकता. आई, तुझा भरून आलेला आवाज मला ऐकू आला. पाठोपाठ काकांचाही आला, "गातो तर कसा खणखणीत! मग बोलायला काय होतं? नाटकं सगळी." काकांच्या मनात वाईट नाही, मला माहीत आहे. अपघाताच्या वेळी सगळ्यात आधी मुंबईला धावत आले ते तेच. पण आमचा फोन स्पीकरवर होता आणि दादाने ते ऐकलं. फोन ठेवल्यावर तो रात्री जेवला नाही. आता गणपतीला आम्ही गावी येतोय, घर माणसांनी भरलेलं असेल, म्हणून आधीच हे पत्र लिहितेय. काकांनाही वाचायला द्या.

दादाला मार लागला तो डोक्याच्या डाव्या बाजूला. ऑपरेशनच्या वेळी काढलेलं कवटीचं हाड परत बसवलंय, टाके भरलेत, वर केस आलेत. बघणाऱ्याला वाटतं, माणूस बरा झाला. पण बोलण्याचं काम बहुतेकांच्या मेंदूत डावी बाजूच करते आणि दादाची इजा नेमकी तिथे आहे. याला डॉक्टर अफेझिया म्हणतात, मराठीत वाचाघात. थेरपिस्ट मॅडमनी मला एक जुनी गोष्ट सांगितली. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका नावाच्या डॉक्टरांकडे एक रुग्ण होता. काहीही विचारलं तरी त्याच्या तोंडून 'टॅन' एवढंच यायचं, पण समोरच्याचं बोलणं मात्र त्याला बरंचसं कळायचं. तो वारल्यावर ब्रोकांनी मेंदू तपासला तेव्हा डाव्या बाजूला, पुढच्या भागात, इजा सापडली. म्हणजे दादाला जे झालंय ते दीडशे वर्षांपेक्षा जास्त काळ डॉक्टरांना ठाऊक आहे. हे नाटक नाही, आळस नाही आणि वेड तर मुळीच नाही.

मग आरती कशी येते? लहानपणापासून पाठ असलेलं, चालीत बसलेलं म्हणताना नवीन वाक्य जुळवावं लागत नाही, आणि गाताना मेंदूची उजवी बाजूही मदतीला येते, असं मॅडम म्हणाल्या. असं पाठचं बोलणं खूप जणांचं शाबूत राहतं. अंक, वार, देवाची नावं, आणि हो आई, शिव्यासुद्धा. रागाच्या भरात त्याच्या तोंडून शिवी अगदी स्पष्ट निघते, आणि दुसऱ्या मिनिटाला 'पाणी' म्हणायला जमत नाही. कुणाला शिवी दिलीच तर मनावर घेऊ नका.

परवा त्याला विचारलं, आज वार कुठला? उत्तर एकदम येत नाही. तो डाव्या हाताची बोटं मिटत सुरुवातीपासून निघतो, "सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार," आणि गुरुवारी थांबतो. माझ्याकडे बघून मान हलवतो. बरोब्बर गुरुवारच होता. त्याला वार माहीत होता, फक्त त्या शब्दापर्यंत जायला त्याला लांबच्या वाटेने जावं लागलं. तुम्ही मधेच "गुरुवार रे, गुरुवार" म्हणालात तर ती वाट त्याच्या पायाखालची होणार नाही.

वांद्र्याला रेक्लमेशनजवळ अली यावर जंग संस्था आहे, केंद्र सरकारची, १९८३ साली सुरू झालेली. तिथे त्याची स्पीच थेरपी चालू आहे. भांडुपहून दादरला उतरायचं, पूल चढून वेस्टर्नला जायचं, मग वांद्रे. सकाळची गर्दी ओसरल्यावर निघतो, कारण धक्काबुक्की आणि कलकलाट झाला की तिथे पोचेपर्यंतच तो गळून जातो आणि मग थेरपीत काही हाती लागत नाही. गाडीत 'पुढील स्टेशन, घाटकोपर' अशी घोषणा झाली की तोही तिच्यासोबत म्हणतो, त्याच सुरात. पहिल्यांदा लोक वळून बघायला लागले तेव्हा वहिनीने त्याला गप्प केलं नाही, उलट तीही त्याच्याबरोबर म्हणायला लागली. मॅडमना सांगितलं तर त्यांनी त्याच सुरात 'मला चहा हवा' म्हणायला शिकवलं. आता 'चहा हवा' एवढं येतं. 'मला' अजून अडतं.

घरी आल्यावर आमच्यासारखंच तुम्हीही करा. त्याच्याशी बोलताना टीव्ही बंद करा. एका वेळी एकानेच बोला, छोटं वाक्य, नेहमीच्या आवाजात. बाबा, तुम्ही फोनवर मोठ्याने बोलता, पण त्याचे कान ठणठणीत आहेत. 'काय खाणार?' असं मोघम विचारण्यापेक्षा भात आणि भाकरी दोन्ही समोर दाखवा. तो कधी 'हो' म्हणायला जातो आणि तोंडातून 'नाही' निघतं, तेव्हा चेहरा बघा, हात बघा. शब्द अडला तर निदान दहा आकडे मनात मोजेपर्यंत थांबा. मग हवं तर पहिलं अक्षर द्या. 'पा' म्हटलं की पुष्कळदा 'पाणी' तो स्वतःच म्हणतो. आणि येणारे-जाणारे "ओळख पाहू मी कोण? माझं नाव सांग," अशी परीक्षा घेतात ती कृपा करून थांबवा. तो ओळखतो सगळ्यांना. नाव येत नाही आणि ते येत नाही म्हणून खाली मान घालतो, ते माझ्याने बघवत नाही. त्याच्यासमोर त्याच्याविषयी, तो तिथे नसल्यासारखं, कुणी बोलू नये, ही माझी सगळ्यात कळकळीची विनंती.

आई, तू वेखंड आणि अक्कलकरा मधात उगाळून ठेवलायस असं वहिनी म्हणाली. तुझी माया मला कळते, पण त्याच्या जिभेला काही झालेलं नाही गं. आणि डोक्याची औषधं चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याला काही चाटवायचं नाही. ग्रामदेवतेला गाऱ्हाणं मात्र जरूर घाल, आम्हीही येऊ. फिटची गोळी ठरल्या वेळेला द्यायचीच, उपास असो की पाहुणे. जागरणाने फिट येऊ शकते, म्हणून रात्रभराच्या भजनाला त्याला बसवायचं नाही. संध्याकाळचं भजन तो ऐकेल, म्हणेलही, मग झोपू दे.

बाबा, तुम्ही दर वेळी विचारता, पूर्वीसारखा कधी बोलेल? तारीख कुणीच देत नाही आणि मीही खोटी देणार नाही. सुरुवातीच्या महिन्यांत सुधारणा जास्त वेगाने होते हे खरं, पण नंतर ती थांबतेच असं नाही, वर्षांनंतरही माणसं नवे शब्द कमावतात. प्रमाणपत्राचंही तुम्ही विचारलं होतंत. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात वाचा आणि भाषेच्या दिव्यांगतेत अफेझियाचा उल्लेख आहे. दोष कायमचा ठरला तरच ते मिळतं, म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा अर्ज करू. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. लोक काय म्हणतील याचा विचार आपण करायचा नाही.

आता वहिनीबद्दल. नोकरी, औषधं, व्यायाम, रात्रीचं उठणं, सगळं ती करते आणि कुरकुर नाही. गावात बायका तिच्यासमोर "काय गं तुझं नशीब" म्हणतील, तेव्हा आई, तू तिच्या बाजूने बोल. गौरी गेल्या की तिला चार दिवस माहेरी पाठव. ती नको म्हणेल, तरी पाठव. दादाचं मी बघते, मी तेवढी रजा काढली आहे.

चाकरमान्यांची गर्दी सुरू व्हायच्या आधीच, चतुर्थीच्या आठवडाभर अगोदर, आम्ही निघतो. संगमेश्वरला उतरू, रिक्षा सांगून ठेवा. उतरवून घेताना त्याचा उजवा हात धरून ओढू नका, त्या खांद्यात जोर नाही, डाव्या बाजूने आधार द्या. पडवीतला पलंग आतल्या शांत खोलीत हलवा. न्हाणीत डाव्या हाताला धरता येईल असा एक आडवा दांडा सुतार काकांकडून पक्का ठोकून घ्या, बाबा. कमरेच्या उंचीवर. पैसे मी आल्यावर देते.

तुमची,
ताई