बोंडअळी, जंतू आणि तुझा प्रश्न

चि. गौरीस,
अनेक आशीर्वाद.

औषधामुळे जंतू बदलतो की आधीच बदललेला असतो, हे तू विचारलंस अन् फोन कटला. म्हणून लिहितो.

गावात विचारशील तर उत्तर ठरलेलं: "अळीले बीटीची सवय झाली." 2017 साली गुलाबी बोंडअळीनं बीटी कपाशी (अळीला मारणारं प्रथिन स्वतःच बनवणारी) पोखरली, तेव्हापासून तुझे काका हेच सांगतात. मला पटत नाही. 1943 मध्ये लुरिया आणि डेलब्रुक यांनी ई. कोलाय हे आतड्यातले जंतू वेगवेगळ्या नळ्यांत वाढवून त्यांच्यावर फाज, म्हणजे जंतूंना मारणारे विषाणू सोडले. जंतू विषाणूमुळे बदलत असते तर प्रत्येक नळीत साधारण सारखेच वाचले असते. प्रत्यक्षात कित्येक नळ्यांत एकही नाही, तर एखादीत शंभराच्या वर! म्हणजे तिथला बदल फाज येण्याआधीच, वाढताना होऊन गेला होता.

आता तुझं म्युटएस, म्हणजे डीएनएच्या नकलेतल्या चुका शोधणारं प्रथिन; म्युटएल आणि म्युटएच ही त्याची सोबती. ई. कोलायचा डीएनए साधारण 46 लाख अक्षरांचा. तो उतरवताना चुकलेली जोडी म्युटएस हेरतं, म्युटएल मदतीला येतं, म्युटएच धागा कापतं. पण कापायचा कोणता? जुन्या धाग्यावर जीएटीसी या अक्षरांपाशी मिथाइलच्या खुणा असतात, नव्यावर अजून उमटलेल्या नसतात. तलाठ्याच्या जुन्या सातबाऱ्यावर शिक्का असावा आणि नव्या नकलेवर नसावा, तसं. म्हणून नवाच कापला जातो. हे उलगडणाऱ्या पॉल मॉडरिच यांना 2015 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

म्युटएसच मोडलं तर चुका शंभरपट किंवा त्याहून जास्त वाढतात. एरवी असा जंतू तोट्यातच. पण औषधांचा मारा चालू असला की चुकांतली एखादी कामी येते. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या जुनाट रुग्णांच्या फुप्फुसांत असे स्यूडोमोनास जंतू पुष्कळ सापडतात.

काकांचं थोडं खरंही आहे, त्यांना सांगू नको. सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकानं डीएनए तुटला की जंतूतलं रेकए हे प्रथिन जागं होतं, दुरुस्तीला रोखून धरणारं लेक्सए तुटतं, आणि घाईत चुका करणारे पॉलिमरेज (डीएनए उतरवणारी प्रथिनं) कामाला लागतात. औषध बदलाचा वेग वाढवतं. दिशा मात्र दाखवत नाही. ती निवड नंतरची.

पोळ्याला आलीस की काकांशी तूच बोल, मास्तरचं घरात कोण ऐकते! तेव्हा बियाण्यासोबत मिळालेलं नॉन-बीटीचं (साध्या कपाशीचं) पाकीट धुऱ्यावर का पेरलं नाही, एवढं विचार. त्यावर जगलेल्या साध्या अळ्यांच्या पतंगांशी संकर झाला असता, तर चिवट अळी इतक्या लवकर माजली नसती.

तुझा,
बाबा