गळालेल्या मुलांचा हिशेब कोण देणार?

संपादक महोदय,

शाळांमधला व्यसनप्रतिबंधाचा अमुक कार्यक्रम यशस्वी ठरला, अशा बातम्या अधूनमधून येतात. सुरुवातीला किती शाळा आणि किती मुले होती, शेवटच्या पाहणीपर्यंत किती टिकली, हे त्यांत क्वचितच असते. वारंवार गैरहजर राहणारी, शाळा बदलणारी, सोडणारी मुलेच बहुधा जास्त जोखमीची असतात. ती गळाली की कार्यक्रमाने काहीही न करता वर्ग सुधारलेला दिसतो.

अख्खी शाळा गळणे त्याहून महागात पडते. एका शाळेतली मुले थोडीफार एकमेकांसारखी असतात. हे साम्य, म्हणजे गटांतर्गत सहसंबंध, अवघा ०.०२ धरला तरी एका शाळेतली १०० मुले स्वतंत्रपणे निवडलेल्या सुमारे ३४ मुलांच्याच तोलाची ठरतात. म्हणून १० शाळांतून शंभर-शंभर मुले घेण्यापेक्षा २० शाळांतून पन्नास-पन्नास घेणे केव्हाही बरे.

शाळा गळू नयेत म्हणून अभ्यासासाठी त्यांच्याकडे आदल्या वर्षीच, वेळापत्रक ठरण्यापूर्वी जायला हवे. कोणत्या इयत्तेच्या किती तासिका लागतील ते लेखी द्यावे. नुसती मुख्याध्यापकांची सही पुरत नाही. त्यांची बदली झाली की करार फायलीत पडून राहतो. समन्वयक शिक्षक सुरुवातीपासून सोबत हवा. कार्यक्रम कोणत्या शाळांत होणार आणि कोणत्या फक्त तुलनेसाठी, म्हणजे नियंत्रण गटात, राहणार याची चिठ्ठी पहिल्या पाहणीनंतरच काढावी, नाहीतर नियंत्रण गटात पडलेली शाळा लगेच अंग काढून घेते. तिला अभ्यास संपल्यावर तोच कार्यक्रम देण्याचे वचन द्यावे, आणि ते पाळावेही.

संमतीपत्रांचे दुखणे वेगळेच. पालकांचा नकार थोडा. बहुतेक कागद दप्तरातच राहतात. कागद परत आणणाऱ्याला छोटे बक्षीस द्यावे, त्यावर होकार असो वा नकार. 'उत्तर नाही म्हणजे संमती' या पळवाटेने आकडा फुगतो, पण व्यसनासारख्या नाजूक प्रश्नांसाठी ती आम्हाला पटत नाही.

प्रश्नावली भरताना वर्गशिक्षक बाकांमधून फिरू लागले की खरी उत्तरे मिळत नाहीत. नावाऐवजी मुलांनीच बनवलेला सांकेतिक क्रमांक पुढच्या वर्षी त्यांना तसाच आठवत नाही आणि जोड्या जुळत नाहीत. त्यापेक्षा क्रमांक आपण द्यावेत आणि नावांची यादी उत्तरांपासून वेगळी, कुलूपबंद ठेवावी. गैरहजर मुलांसाठी दोन आठवड्यांच्या आत पुन्हा फेरी हवीच.

बातमीत गळतीचा आकडा द्याल तेव्हा दोन्ही गटांचा वेगवेगळा द्यावा. एकत्रित टक्केवारीत नेमका त्यांच्यातला फरक झाकला जातो.

– शालेय प्रतिबंधक संशोधनात काम करणारे काही वाचक