रूढी आहे, तर सिद्ध करा

चि. पूर्वा,
अनेक आशीर्वाद.

देशात सगळ्यांना एकच कायदा हवा, रूढींचं लोढणं एकदाचं काढून टाका, असं तू ठासून लिहिलंस. इतकी वर्षं इथल्या कोर्टात वकिली केल्यावर मला ते तितकं सरळ वाटत नाही.

परवा रामटेककडच्या एक गोंड आदिवासी बाई आल्या होत्या. घडी पडून विरायला आलेला सातबारा त्यांनी टेबलावर पसरला. वडील गेल्यावर फेरफार झाला तो फक्त भावांच्या नावावर. "आमच्यात पोरीले जमीन देत नाई म्हणते," एवढंच बोलल्या.

1956 चा हिंदू वारसा कायदा त्यांच्या कामाचा नाही. कलम 2(2) प्रमाणे केंद्राने अधिसूचना काढल्याशिवाय तो अनुसूचित जमातींना लागू होत नाही. मग उरली रूढी. ती कुणी सिद्ध करायची? छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या वाटणीच्या दाव्यात खालच्या कोर्टांनी ते ओझं हिस्सा मागणाऱ्या, त्या घराण्यातल्या मुलीच्याच वारसांवर टाकलं होतं: मुलीला हिस्सा देण्याची प्रथा आहे, हे तुम्ही दाखवा. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उलटवलं. मुलींना वगळणारी प्रथा शाबीत झालेली नसताना ती आहे असं गृहीत धरता येणार नाही, आणि निव्वळ बाई म्हणून हिस्सा नाकारणं राज्यघटनेच्या कलम 14 मध्ये, म्हणजे समानतेच्या हक्कात, बसत नाही. या निकालात आपल्या नागपूरचाही धागा आहे. नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतासाठी 1875 साली केलेला कायदा त्यात आधाराला घेतला आहे. जिथे नियम सापडत नाही तिथे न्याय, समन्याय आणि सद्सद्विवेकबुद्धीने निर्णय द्या, असं तो सांगत होता. 2018 मध्ये तो रद्द झाला, तरी त्याआधी मिळालेला हक्क शाबूत राहिला.

आता गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) बघ. तिथली ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, पुढे बांबू विकायचा अधिकारही. गावाची वहिवाट आणि संसदेचा कायदा तिथे एकमेकांच्या पाठीशी उभे राहिले. एका फटक्यात सगळं पुसलं, तर हेही जाईल.

आणि दीक्षाभूमीच्या शहरात वाढलेल्या मुलीला हेही ठाऊक हवं, की बौद्धांच्या लग्नांना आजही 1955 चा हिंदू विवाह कायदाच लागतो. वेगळ्या कायद्याची त्यांची मागणी जुनी आहे, आणि मला ती रास्त वाटते.

म्हणून वेगवेगळे कायदे शेजारी शेजारी नांदतात याची मला भीती वाटत नाही. चीड येते ती "आमच्यात असंच असतं" म्हणून घरातल्याच माणसाचा हक्क हिरावला जातो तेव्हा. त्या बाईंच्या भावांना मी कोर्टात नेमका तोच प्रश्न विचारणार आहे: ही प्रथा कधीपासूनची, आणि कुणाकुणाच्या घरात पाळली गेली?

निकालाची प्रत सोबत जोडली आहे. पुराव्याच्या भाराचा भाग नीट वाच. दाव्याचा मसुदा सोमवारी पक्का करायचा आहे, त्याआधी तुझं मत कळव. आईने तिळाचे लाडू पाठवलेत.

तुझा,
बाबा
नागपूर