भाजी धुवायची कृती छापलीत, कपडे कोण धुणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीतला शाश्वत अन्न आणि बायोडायनॅमिक शेतीवरचा पानभर लेख वाचला. फोटो सुरेख आहेत. गायीचे शिंग हातात धरून हसणारा शेतकरी, टोपलीभर पालक आणि खाली रंगीत चौकटीत ‘कीटकनाशकांबाबत जागरूक व्हा’ म्हणून भाजी धुण्याची कृती. आधी मिठाच्या पाण्यात, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात, शेवटी नळाखाली. वाचून बरे वाटले. शहरातल्या बहिणींची काळजी कोणीतरी घेते आहे.

फवारणी करून घरी आलेल्या माणसाचे कपडे कसे धुवायचे यावर मात्र अख्ख्या पानात एक ओळ नाही. हे पत्र तेवढ्यासाठीच.

आमचे वावर यवतमाळ जिल्ह्यात. २०१७ ला इथे फवारणीच्या विषबाधेने काय झाले ते तुमच्याच पेपरात रोज छापून येत होते, मी नव्याने काय सांगू. त्या साली पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडे, माणसाच्या डोक्यावर गेली होती, बोंडअळीने सगळ्यांची झोप उडवलेली आणि पाठीवर चार्जिंगचे पंप. अंगापेक्षा उंच झाडावर मारलेला फवारा उलट तोंडावरच येतो. सप्टेंबरमधल्या एका दुपारी माझे दीर धुऱ्यावर येऊन बसले आणि म्हणाले, ‘वहिनी, मले दिसून नाही राहिलं.’ मग उलट्या, लाळ, घामाने सगळे अंग थबथबलेले. ऑटोत घालून दवाखान्यात नेले. ओला सदरा अंगावरच होता. उघड्या माणसाला दवाखान्यात कसे न्यायचे, म्हणून घरातल्याच कोणीतरी वरून आणखी एक टॉवेल गुंडाळला. म्हणजे औषध कातडीला घट्ट बांधूनच आम्ही वीसेक किलोमीटर गेलो. तिथली नर्स आम्हाला पाहून ओरडली, ‘आधी कपडे काढा त्यांचे, साबणाने अंग धुवा!’ तिने कात्रीने सदरा कापला. विष पोटातूनच जाते असा आमचा समज, ते कातडीतून जाते हे त्या दिवशी कळले. तोवर कृषी सप्ताह, मेळावे, भिंतीवरच्या घोषणा सगळे पाहून झाले होते.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न, ‘कोणते औषध मारले?’ दुकानदाराने तीन औषधे एकत्र मारायला सांगितली होती, अळीचे, तुडतुड्याचे आणि वर टॉनिक. पक्के बिल नाही. डब्या धुऱ्यावर. डॉक्टरांना नाव का हवे असते तेही तिथेच कळले. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातले औषध असेल तर ॲट्रोपिनची इंजेक्शने द्यावी लागतात, दुसऱ्या गटातले असेल तर तोच उपाय चालेलच असे नाही. त्यांनी डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या, टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या, आणि त्यावरून अंदाज बांधून उपचार सुरू केले. दीर वाचले. त्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त माणसे गेली आणि शेकडो दवाखान्यात होती, तेव्हा आमचे नशीबच म्हणायचे.

मला खरे सांगायचे आहे ते यापुढचे. दवाखान्यातून निघताना ते फाडलेले कपडे एका पन्नीत बांधून माझ्या हातात दिले. मी घरी आणले आणि लेकरांच्या शाळेच्या कपड्यांबरोबर एकाच बादलीत भिजवले. सगळ्या घरांत तसेच करतात. हात चुरचुरले, रात्री डोके गरगरले, जागरणाने झाले असेल म्हणून सोडून दिले. मला कोणी विचारले नाही आणि कोणाच्या यादीत माझे नाव आले नाही. यादीत फवारणारे होते. पाणी आणून देणाऱ्या, ड्रमात काडीने औषध ढवळणाऱ्या, संध्याकाळी तो सदरा हाताने घासणाऱ्या बाया कुठल्याच यादीत नव्हत्या. तुमच्या लेखातही त्या नाहीत. लेखात बाई एकदाच येते, टोपली घेऊन, ग्राहक म्हणून.

कृती छापायची हौसच असेल तर माझी छापा, हे सगळे मी नंतर विचारून विचारून गोळा केले आहे. फवारणीचे कपडे वेगळे ठेवावेत, घरच्या कपड्यांत मिसळू नयेत. हातमोजे घालून धुवावेत. आधी नुसत्या पाण्यातून काढावेत, मग साबणाने, जमल्यास दोनदा. ते पाणी विहिरीजवळ, गुरांच्या टाक्याजवळ सांडू नये. उन्हात वाळवावेत. औषधाने चिंब भिजलेला सदरा धुवूच नये, टाकून द्यावा. फवारणारा घरी आला की लेकरू कडेवर घेण्याआधी त्याने अंग धुवावे. चौकटीला एवढी जागा पुरे. भाजीच्या चौकटीपेक्षा कमीच लागेल.

आता तुमच्या शिंगाबद्दल. ऑस्ट्रियाचे विचारवंत रुडॉल्फ स्टायनर यांनी १९२४ साली कोबरविट्झला (आता पोलंडमध्ये) आठ व्याख्याने दिली आणि त्यातून ही बायोडायनॅमिक शेती निघाली, हे लेखातून समजले. शिंगात शेण भरून हिवाळाभर जमिनीत पुरायचे, मग चिमूटभर घेऊन पाण्यात तासभर ढवळायचे, थोडा वेळ या बाजूने, थोडा वेळ त्या बाजूने. नुसते तासभर ढवळणारा मजूर कुठे मिळतो ते लेखकांनी कळवावे, मी त्याला निंदणीलाही बोलावीन. चंद्र वृषभ, कन्या, मकरेत असताना कंदमुळे पेरावीत म्हणे. आमच्याकडे मजूर येतो त्या दिवशी पेरणी होते, चंद्र कुठेही असो. फवारणीला तर चंद्रापेक्षा वारा महत्त्वाचा, वाऱ्याकडे तोंड करून फवारायचे नाही एवढे जरी कोणी बजावून सांगितले असते तरी बरेच झाले असते.

मी या शेतीची वैरी नाही. निंबोळी अर्क आम्हीही करतो, ५ किलो निंबोळ्या कुटून १०० लिटर पाण्याला. कुटणारे हात कोणाचे, ते विचारू नका. लेखात स्वित्झर्लंडच्या प्रयोगाचा दाखला आहे, १९७८ पासून चाललेला. रासायनिक शेतीपेक्षा उत्पादन साधारण २० टक्के कमी, पण कीटकनाशकांचा वापर ९७ टक्क्यांनी कमी. ते ९७ टक्के माझ्या बादलीतून कमी होणार असतील तर शिंग पुरायला मी स्वतः खड्डा खणते. २० टक्क्यांची घट कोणाच्या खात्यावर टाकायची ते मात्र लेखक महाशय लिहायला विसरले. २००२ मध्ये बोंडअळी मारणारे बीटी कापसाचे वाण आले तेव्हाही फवारणी संपली असेच सांगितले होते. मग अळीला बीटीची सवय झाली आणि पंप परत पाठीवर आले.

सरकारचेही काय सांगावे! २०१७ ला पाच कीटकनाशकांवर आमच्या भागात ६० दिवसांची बंदी आली ती नोव्हेंबरात, म्हणजे मारायचे ते मारून झाल्यावर. मोनोक्रोटोफॉस हे जहाल कीटकनाशक भाजीपाल्यावर वापरायला २००५ लाच मनाई होती. २०१३ ला बिहारमध्ये शाळेच्या जेवणात तेच गेले आणि २३ मुले दगावली. पूर्ण बंदीचा आदेश निघाला २०२३ साली, तोही शिल्लक माल मुदतीपर्यंत विकायची मुभा ठेवून. शनीसुद्धा यापेक्षा लवकर रास बदलतो.

डबीबरोबर माहितीपत्रक येते, त्यात विषबाधेची लक्षणे आणि उतारा दिलेला असतो. कायद्यानेच द्यावा लागतो. पण अक्षर इतके बारीक की माझा बारावीतला मुलगाही मोबाईलवर फोटो काढून, मोठा करून वाचतो. डबीवरचा लाल त्रिकोण सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा, हिरवा सर्वांत कमी, हे गावात किती जणांना ठाऊक आहे? जुलै ते ऑक्टोबर दर आठवड्याला हे चार त्रिकोण पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात छापा. जागा नाही म्हणाल, तर त्याच पुरवणीच्या शेवटच्या पानावर अळीनाशकाची पूर्ण पान जाहिरात होती, तिच्यातला कोपरा मागून घ्या. पुढच्या पानावर शिंग आणि मागच्या पानावर अळीनाशक, मधल्या पानांवर आम्ही काय समजायचे?

आणखी एक. गेल्या महिन्यापासून कापूस आणि तुरीचे बाजारभाव आमच्या आवृत्तीतून गायब आहेत. एजंटाला विचारले तर म्हणतो, वरूनच बंद झाले. भाव पाहण्यासाठीच आम्ही पेपर घेतो हो. ते परत सुरू करा, नाहीतर नुसत्या राशिभविष्यासाठी पैसे द्यायला मालक तयार नाहीत.

कळावे.

आपली,
एक वाचक, जि. यवतमाळ

ता. क. : पत्र छापल्यास नाव छापू नये. गावात औषधाचे दुकान एकच आहे आणि आमची उधारी तिथेच चालते.