आहेर नैतिक हवा, तर बिल आधी द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत फेअर ट्रेडच्या, म्हणजे न्याय्य व्यापाराच्या भेटवस्तूंवर आलेला लेख वाचला. संक्रांत आणि लग्नसराई तोंडावर असताना विषय चांगला निवडलात. पण सुचवलेल्या वस्तू बघितल्या तर बांबूचा टूथब्रश, परदेशी शिक्क्याचं चॉकलेट आणि कुठल्या तरी लांबच्या राज्यातल्या कापडी पिशव्या, आणि हे सगळं ऑनलाइन मागवायचं. सोलापूर आलंय एकाच ओळीत, तेही चुकीचं: 'हातमागावरची सोलापुरी चादर'. अहो, एकेकाळी ती हातमागावर होत होती हे खरं, पण आज दुकानात मिळणारी जवळजवळ सगळी चादर यंत्रमागावरची आहे, जेकॉर्ड (नक्षी विणायची यंत्रणा) लावलेल्या मागावरची. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एखाद्या कारखान्याच्या दारात पाच मिनिटं उभं राहिलं तरी कानाला कळतं. यंत्रमागाची म्हणून ती कमी प्रतीची ठरत नाही, पण वाचकाला खरं सांगावं.

मी शहराच्या पूर्व भागातल्या लहान कारखानदारांचे आणि काही महिला गृहउद्योगांचे हिशेब लिहिते. जीएसटीची रिटर्नं, पगारपत्रक, येणं-देणं. त्यामुळे चादर म्हटली की मला तिची नक्षी नंतर दिसते, थकबाकी आधी. हे पत्र त्या थकबाकीबद्दल आहे.

न्याय्य व्यापार म्हटलं की लोकांना भाव आठवतो. कॉफी-कोकोचा बाजार कोसळला तरी ठरलेल्या किमान भावाखाली जायचं नाही, शिवाय शेतकऱ्यांच्या संस्थेला सामाईक कामासाठी वर काही रक्कम द्यायची. असा पहिला शिक्का १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये कॉफीच्या पाकिटावर आला. लेखात हे सगळं नीट आलंय. पण जागतिक फेअर ट्रेड संघटनेच्या दहा तत्त्वांत आणखी एक गोष्ट आहे, ती लेखातून सुटली. हस्तकलेची ऑर्डर देतानाच, कारागिराने मागितली तर, निदान निम्मी रक्कम त्याला बिनव्याजी आगाऊ द्यायची, आणि उरलेली ठरल्या वेळी. बिनव्याजी या शब्दावर हिशेब लिहिणाऱ्या माणसाची नजर अडते. कारण आमच्याकडे ते व्याज उलट दिशेनं चालतं. माल करणारा घेणाऱ्याला बिनव्याजी कर्ज देतो, आणि त्यासाठी स्वतः बाहेरून व्याजाने उचलतो.

टॉवेलचंच बघा. सुताचा व्यापारी लहान कारखानदाराला फार दिवस थांबत नाही. रंगाईवाल्याला पैसे लागतात. कांड्या भरणाऱ्या बायका, मागावरचा कामगार, शिवण आणि घडी करणाऱ्या, यांचा पगार आठवड्याला. विजेचं बिल महिन्याला. आणि तयार माल ज्याच्याकडे गेला तो तीन-चार महिन्यांनी चेक देणार, तोही 'यात शंभर नग जरा आखूड होते' असं म्हणत काहीतरी कापून. मधल्या दिवसांचा भार कोण उचलतो, ते माझ्या वह्यांत स्पष्ट दिसतं.

याला कायदा नाही असं नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल करार असला तरी फार तर ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँक जाहीर करते त्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. हे व्याज कोणी मागितलेलं माझ्या टेबलावर तरी मी पाहिलेलं नाही. मागणाऱ्याला पुढची ऑर्डर कोण देणार? मग आयकर कायद्यात बदल झाला, तो १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. अशा उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही, तर घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. कर वाढणार म्हटल्यावर काही जणांची जुनी बिलं खरोखर निघाली, हे मान्य करायला हवं. पण त्याच हंगामात एका कारखानदाराचा फोन आला. "अक्का, ते उद्यमचं सर्टिफिकेट कॅन्सल करता येतंय का बघा की. पार्टी म्हणतीय, नोंदणी असली तर माल नको." म्हणजे लघुउद्योग म्हणून नोंदणीच्या ज्या कागदाने त्याचं रक्षण व्हायचं, तोच त्याला गळ्यात नको झाला.

आता तुम्ही म्हणाल, ही व्यापाऱ्यांची भांडणं, सामान्य माणसाच्या भेटवस्तूंशी त्यांचा संबंध काय? संबंध आहे, कारण घरगुती गिऱ्हाईक बिल थकवण्यात याहून सरस आहे. लग्नाच्या बिलाला आयकराचा धाक नाही, आणि शेंगाचटणी करणारी बाई दोनशे पाकिटांसाठी थकलेल्या बिलांच्या तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी परिषदेपुढे दाद मागायला जाणार नाही.

मी जिचा हिशेब बघते अशी एक बाई आहे. पूर्वी बिड्या वळायची, आता सहा-सात जणींना बरोबर घेऊन कडक भाकरी आणि शेंगाचटणी करते. चटणी मिक्सरमध्ये फिरवलेली नाही, उखळात कुटलेली, त्यामुळे शेंगदाण्याचं तेल सुटून ती बोटाला ओलसर लागते. एका लग्नात पाहुण्यांना परत द्यायला तिच्याकडून भाकरी-चटणीची पाकिटं घेतली. खरं तर हीच ती नैतिक भेट. ज्वारी मंगळवेढ्याची, जिला भौगोलिक मानांकन आहे, शेंगदाणे इथल्या बाजारातले, करणाऱ्या बायका शेजारच्या गल्लीतल्या. यजमानांनी पाकिटावर 'स्थानिक महिलांच्या हातची भेट' असं छापूनही घेतलं. छपाईचे पैसे छापखान्याला आधी मिळाले, कारण त्याने आगाऊ घेतल्याशिवाय मशीन चालू केलं नाही. बाईंना मात्र 'कार्य उरकलं की देतो'. कार्य उरकलं. सत्यनारायण झाला. मुलगी पहिल्या सणाला माहेरी येऊन गेली. बिल तसंच.

या बाई शाळेच्या लांब वहीत हिशेब ठेवतात. नाव, पाकिटं, जमा, बाकी असे चार रकाने. पहिले तीन पेनाने आणि बाकीचा रकाना पेन्सिलीने. मी विचारलं असं का, तर म्हणाल्या, "ताई, पेनानं लिवलं की कायमचं झाल्यासारकं वाटतंय." मागायला का जात नाही म्हटलं, तर त्याच घरात त्या हळदीकुंकवाला जातात. ओटी घेताना बिलाची आठवण कशी करून द्यायची?

आता साधं गणित मांडते. समजा शंभर रुपयांच्या पाकिटात ज्वारी, शेंगदाणे, लसूण, तिखट, गॅस, पॅकिंग आणि मजुरी मिळून नव्वद रुपये जातात, तर दहा सुटतात. ते नव्वद तिने भिशीतून शेकडा तीनने उचलले असतील, तर महिन्याचं व्याज दोन रुपये सत्तर पैसे, तीन महिन्यांचं आठ रुपये दहा पैसे. म्हणजे यजमानांनी भावात एक पैसा घासाघीस केली नाही, उलट 'तुमच्या हाताला चव आहे' म्हणून कौतुकही केलं, तरी तीन महिन्यांत तिच्या कमाईतले दोन रुपयेही शिल्लक राहिले नाहीत. चौथ्या महिन्यात ती पदरचे घालते. ही भेट नैतिक कशी झाली?

समारंभांचीही तीच कथा. आपल्या गावात सत्काराला शाल, श्रीफळ आणि बहुतेक वेळा चादर. मंडळं, पतसंस्था, शाळांचे माजी विद्यार्थी, सगळे घेतात. आणि हल्ली चादरीवर किंवा टॉवेलवर नाव विणून मागायची हौस वाढलीय. विणलेलं नाव म्हणजे वेगळं डिझाइन, मागाची वेगळी मांडणी, आणि मुख्य म्हणजे तो माल दुसऱ्या कोणाला विकता येत नाही. साधा टॉवेल परत आला तर बाजारात जातो. 'अमुक-तमुक स्नेहमेळावा' असं विणलेला टॉवेल परत आला तर त्याने कारखानदाराच्या घरातली माणसंच अंग पुसतात. अशा ऑर्डरला तरी निम्मे पैसे आधी देणं सक्तीचं व्हावं, असं माझं मत आहे. (फ्लेक्सवाल्यांची बाकी तर याहून मोठी असते असं ऐकते, पण तो वेगळ्या पत्राचा विषय.)

कोणी विचारेल, मालकाचं ऐकून घेतलंस, पण कामगाराचं काय? बरोबर आहे. किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, हजेरी-कार्ड यांवरून या शहरात मालक-कामगार भांडण जुनं आहे, आणि मी ज्यांचे हिशेब लिहिते त्यांनाही तोंडावर सांगते की येणं थकलं ही पगार थकवायला सबब नाही. वेळेवर मिळालेले पैसे कामगारापर्यंत पोचतीलच याची खात्री मी देत नाही. पण उशिरा येणाऱ्या पैशाचा चिमटा सगळ्यात आधी मागावरच्या माणसाला आणि कांडीवालीला बसतो, हे पगारपत्रकं बघून सांगते. उचल बंद होते, मग पाळ्या कमी होतात, मग बोनस 'पुढच्या दिवाळीला बघू'.

लेखात शिक्क्यांवर बराच भर आहे. शिक्के उपयोगाचे आहेत. आपल्या चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, तरी पानिपतचा माल 'सोलापुरी' म्हणून देशभर विकला जातो, आणि सिद्धेश्वरांच्या यात्रेला आलेला पाहुणाही नीट न बघता भलतंच गाठोडं घेऊन जाऊ शकतो. तेव्हा लेबल वाचा, कारखान्याचं नाव बघा. हातमागाचीच वस्तू हवी असेल तर हँडलूम मार्क बघा. गालिचा घेणार असाल तर बालमजुरीविरुद्धचा गुडवीव्हचा शिक्का आहे, जो १९९४ मध्ये रगमार्क या नावाने सुरू झाला. पण माल कुठला, कसा विणला, कोणाकडून विणून घेतला नाही, हे सगळं सांगणाऱ्या कुठल्याही शिक्क्यावर तुम्ही स्वतः बिल कधी दिलंत ते लिहिलेलं नसतं.

संक्रांतीचं वाण घ्या. रथसप्तमीपर्यंत घरोघरी प्लॅस्टिकच्या डब्या, चाळण्या, कंगव्यांची देवाणघेवाण चालते आणि निम्म्या वस्तू पुढच्या वर्षी दुसऱ्या घरी वाण म्हणून निघतात. मी आमच्या गल्लीत एवढंच सुचवलं की पाच जणींनी मिळून एकाच कारखान्याकडे नॅपकिन सांगायचे, महिनाभर आधी, आणि सांगताना निम्मे पैसे द्यायचे. आधी सांगितलं की कारखानदार इतर मालाबरोबर रंग लावून घेतो, रात्रपाळी करावी लागत नाही, आणि भावही आपोआप बरा मिळतो. एक शेजारीण म्हणाली, "आगाऊ देऊन त्याने माल दिलाच नाही तर?" शंका रास्त आहे. पावती घ्या, तारीख लिहून घ्या. मोबाइल ऑनलाइन मागवताना पूर्ण पैसे आधी भरतो तेव्हा ही शंका कुठे जाते, असंही मी तिला म्हटलं, तेव्हा ती जरा रागावली. पण पैसे दिले.

दुकानात गेले की मी हल्ली एक प्रश्न विचारते: "हे ज्याने केलं त्याचे पैसे दिलेत का?" बरेच दुकानदार हसतात. नव्या पेठेत एकाने मात्र चिडून ड्रॉवर उघडला आणि टॉवेलवाल्याला त्याच आठवड्यात केलेल्या आरटीजीएसची पावती दाखवली. मी तिथूनच सहा टॉवेल घेतले, पन्नास रुपये महाग पडले तरी.

आपल्याला एक विनंती. संक्रांतीआधी एक पान द्या. शहर-जिल्ह्यातले जे बचत गट, विणकर आणि लहान कारखानदार थेट गिऱ्हाइकाकडून ऑर्डर घेतात, त्यांची त्यांच्या संमतीने यादी छापा. काय करतात, किती दिवस आधी सांगावं लागतं आणि आगाऊ किती घेतात, एवढं नावापुढे असलं तरी पुरे. आगाऊ रकमेचा रकाना कोणी अवघडून रिकामा सोडला, तर आपल्या वार्ताहराने तो पुन्हा विचारून भरावा. तो छापील असला की वहीवाल्या बाईंना तोंडाने मागावं लागणार नाही. आपल्या पुरवणीत लिहिणाऱ्यांचं मानधन ४५ दिवसांत जात असेल, असं गृहीत धरून ही विनंती करते आहे.

आपली,
एक हिशेबनीस
दत्तनगर, सोलापूर