आधी हिरड्या मोजा, मग आगाऊ रक्कम घ्या

महोदय,

कोपरखैरण्याहून वाशीकडे जाताना 'एका दिवसात पक्के दात' असे फलक दिसतात. दीड वर्षापूर्वी मी तसल्याच एका दवाखान्यात गेले. खालच्या दोन दाढा पडलेल्या, तिसरी हलत होती. तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, 'हलणारी काढून टाकू, तीन इम्प्लांट बसवू' म्हणाले (इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवायचा स्क्रू, त्यावर नकली दात) आणि हप्त्यांचा कागद पुढे केला. हिरड्यांतून रक्त येतं का, शुगर किती, मिश्री लावता का, एका शब्दानं विचारलं नाही.

मिश्री मी लावत होतेच. माहेर साताऱ्याकडचं. तव्यावर तंबाखू भाजून आजीच द्यायची. लग्नानंतर इकडे आले, आमचे हे तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी. पहाटे त्यांना चहा लागायचा, मला मिश्री. हिरड्या ठणकतात म्हणून लावायची, आणि ठणकायच्या तिच्यामुळंच!

मुलीनं सही करू दिली नाही. ती मला नेरूळला डेंटल कॉलेजात हिरड्यांच्या विभागात घेऊन गेली. तिथं डॉक्टरबाईंनी खुणा असलेली बारीक सळई प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी घातली. त्या आकडे सांगत होत्या, दुसरी मुलगी लिहून घेत होती. दात आणि हिरडीमधली फट, त्या तिला पॉकेट म्हणतात, चांगल्या तोंडात 3 मिलिमीटरपर्यंत असते. माझ्या हलत्या दाढेपाशी 7 भरली. तीन महिन्यांची सरासरी शुगर (रक्ताची HbA1c तपासणी) 9.2 टक्के.

त्यांनी समजावलं, 'मावशी, दाताला हाडात धरून ठेवणारे तंतू असतात. इम्प्लांटला ते नसतात, तो थेट हाडाला धरतो. त्याच्याभोवती सूज आली की हाड भराभर झिजतं. तुमच्या दाढा ज्यांनी पाडल्या ते जंतू बाकीच्या दातांच्या पॉकेटात बसलेत, ते नव्या स्क्रूलाही सोडणार नाहीत.'

मग भूल देऊन चार खेपांत मुळांपर्यंत सफाई, एका बाजूला हिरडी उघडून शस्त्रक्रिया. मिश्री बंद. पहिला महिना बडीशेप चघळून काढला, घरात सगळ्यांवर खेकसले. शुगर 7.1 वर आली, पुन्हा मोजणी झाली, तेव्हा कुठं इम्प्लांटचं बोलणं निघालं. दोनच बसवले. हाडात मुरायला पाच महिने थांबले, मग वर कॅप. आता दर तीन महिन्यांनी तपासणी आणि सफाई, ती कायमची. जी दाढ काढायला निघाले होते ती अजून तोंडात आहे. थोडी हलते, पण भाकरी चावते.

माझी मागणी मोठी नाही. पॉकेटच्या मोजणीचा तक्ता रुग्णाच्या हातात दिल्याशिवाय कुणीही इम्प्लांटची आगाऊ रक्कम घेऊ नये. आणि शुगरच्या गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी पाय बघतात तसं एकदा तोंडही उघडायला सांगावं. इतकी वर्षं गोळ्या घेतेय, मला कुणी सांगितलं नाही.

जाऊबाईंच्याही दाढा हलतायत. येत्या सोमवारी त्या गावाहून येतील, त्यांना नेरूळला नेणार आहे. फलक वाटेत लागणारच.

— एक वाचक, कोपरखैरणे, नवी मुंबई